रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे पोरीला काही झालेलं नाही, शाळा बुडवायची नाटकं आहेत.” नामपूर-सटाण्याकडे हा निकाल घरातच लागतो. कांद्याचे पैसे मालेगावच्या सोनोग्राफीत गेलेले असतात, पिशवीत कागद साठलेले असतात, आणि पोरगी सकाळी पुन्हा “माय, पोट दुखस” म्हणते. बापाचा वैताग मला समजतो. त्याचा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

सोनोग्राफीत खडा दिसतो, सूज दिसते, गाठ दिसते. आतड्याच्या नसा मेंदूला काय कळवतात, ते तिच्यात दिसत नाही. एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर किंवा सततच्या ताणात या नसा इतक्या हळव्या होतात की साध्या वायूनेही कळ येते. ती कळ खरीच असते. ब्रिस्टलच्या जॉन अ‍ॅप्ली यांनी 1958 साली सहकाऱ्यासह हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा साधारण दहातल्या एकाचं पोट वारंवार दुखत होतं. अशा मुलांपैकी फार थोड्यांतच शारीरिक बिघाड सापडतो. मग बाकीची सगळी नाटकी म्हणायची का?

“बाहेरचं असेल” म्हणणाऱ्या आईला अडाणी ठरवणंही मला पटत नाही. डॉक्टर “काही नाही” म्हणून मोकळे होतात. भगत निदान दुखण्याला नाव तरी देतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्या “काही नाही”नेच माणसं तिकडे ढकलली जातात, त्याचं काय?

शिकलेल्यांचं “सगळं मनाचं आहे” हे त्याच नाटकाच्या आरोपाचं सभ्य रूप. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने 2013मध्येच अशा शारीरिक त्रासाच्या निदानातली “वैद्यकीय कारण सापडत नाही” ही अट काढून टाकली. त्रास किती आणि त्याने जगणं किती अडतं, हे पाहायचं ठरवलं.

वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, सतत उलट्या, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर तपासण्या व्हायलाच हव्यात. यातलं काही नसताना दर महिन्याला नवा स्कॅन केला, तर आपल्यात काहीतरी भयंकर लपलंय हेच पोरीच्या मनात पक्कं होतं. तिला हवा असतो विश्वास, आईबापांना हवं असतं कारण. एकच डॉक्टर दोन्ही देऊ शकतो: “दुखतंय हे खरं. नसा हळव्या झाल्यात, आत इजा नाही, हे कमी होतं.” त्यानंतर दर तासाला “दुखतं का गं?” विचारणं थांबवावं, झोपेची वेळ सांभाळावी, गरज पडल्यास समुपदेशन घ्यावं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. आणि कळ आली की शाळेने तिला घरी धाडू नये. दहा मिनिटं बाहेर बसू द्यावं, पाणी द्यावं, मग पुन्हा वर्गात घ्यावं.