दुखणं आमचं, दुकान कुणाचं?

“ताई, सुया टोचून कंबरदुखी घालवणारा कुणी चांगला माणूस आहे का हो हितं जवळपास?” गेल्या दोन-तीन वर्षांत कुरुंदवाड आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न मला कितीदा तरी विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांत उसाच्या भांगलणीला जाणाऱ्या बायका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, आशा आहेत, निवृत्त शिक्षिकाही आहेत. गंमत म्हणजे बचत गटाची बैठक चालू असताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, की एखादी मागं रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते. जणू दुखणं ही तिचीच काही चूक आहे.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे, डॉक्टर नाही. ॲक्युपंक्चरची मी प्रचारक नाही आणि शत्रूही नाही. पण या एका प्रश्नाला आपल्या समाजात जी चार उत्तरं मिळतात, त्यांच्याविरुद्ध मला भांडायचं आहे.

घर म्हणतं, “सोंगं आहेत. कामाच्या वेळीच बरी कंबर धरते.” डॉक्टर म्हणतात, “बायकांचं चालायचंच, वय झालं. गोळी घ्या, एक इंजेक्शन मारतो.” आपले पुरोगामी मित्र म्हणतात, “सुयांनी कधी दुखणं जातं का? शिकून सवरून अंधश्रद्धा!” आणि बाजार म्हणतो, “या ना ताई, दहा सिटिंगचं पॅकेज घ्या, सगळं शरीर ताजंतवानं करून देतो.” चौघांची तोंडं चार दिशांना असली तरी एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. बाईला का दुखतंय, हे चौघांपैकी एकालाही विचारायचं नाही.

का दुखतं? आपला शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर पोसलेला, उसाचा. पण उसाच्या सरीत दिवसभर वाकून भांगलण कोण करतं? वैरणीचा बिंडा डोक्यावर घेऊन बांधावरून कोण येतं? धार, शेण, धुणं, भाकरी, म्हाताऱ्या माणसांचं उठवणं-बसवणं कुणाकडं असतं? २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत धान्याची पोती, अंथरुणं, भांडी माळ्यावर चढवणारे हात कुणाचे होते? आणि पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसत कोण वाकलेलं होतं? केंद्र सरकारनेच २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं आणि असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. म्हणजे बाईची रोजची पाच तासांची पाळी, आणि तीही मजुरीच्या आधी आणि नंतर. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. ही कंबर दुखणार नाही तर काय होईल?

आणि दुखली तर तिचं काय होतं, याचाही इतिहास आपल्याच महाराष्ट्रात लिहिला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सोसत होत्या. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी सरकारला करावी लागली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी कंबर-ओटीपोट दुखतं, अंगावरून जातं, एवढंच सांगायला दवाखान्यात गेल्या होत्या. कुठं दुखणं ऐकूनच घेतलं नाही, आणि कुठं ऐकल्याबरोबर सुरी चालवली. या दोहोंच्या मधली जागा बाईला मिळालीच नाही. ती जागा शोधत ती सुईवाल्याचा पत्ता विचारते. तिला हसण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

ही सुई आपल्याकडं आली कशी, हेही सांगण्यासारखं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत आहेत. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं, त्यात ते होते. १९४२ मध्ये ऐन बत्तिशीत ते तिथंच गेले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढं पुन्हा चीनला गेले, तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. चीनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून खेड्याखेड्यांतून ‘अनवाणी डॉक्टर’ तयार केले गेले. शेतात काम करणारी साधी माणसं, त्यांत बायकाही होत्या. थोडी आधुनिक औषधं, थोडी जडीबुटी आणि सुया घेऊन ती गावची सेवा करत. त्या राजवटीतलं सगळंच गोड होतं असं मी म्हणत नाही. पण सेवाभावातून आपल्याकडं आलेली आणि तिकडं गावच्या आरोग्यसेवेत असलेली ही सुई आज आपल्याकडं सिटिंगच्या दरपत्रकात जाऊन बसली आहे, हे विसरू नका.

आता खरा प्रश्न: सुईने गुण येतो का? इथं कुणाचीच भीड धरायची नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून त्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२० मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या ३३ चाचण्या तपासल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या. निष्कर्ष असा की काहीच उपचार न मिळालेल्यांपेक्षा सुया घेतलेल्यांना थोड्या काळापुरता आराम जास्त वाटला. पण खऱ्या सुया आणि खोट्या, म्हणजे नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या सुया, यांच्यात फारसा फरक दिसला नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं. त्याच संस्थेने २०२१ मध्ये, ज्या जुनाट दुखण्याचं दुसरं कारण सापडत नाही, त्यासाठी त्याचा विचार करायला हरकत नाही म्हटलं. म्हणजे ही जादू नाही, आणि निव्वळ थोतांड म्हणून झटकून टाकण्याइतकंही सोपं प्रकरण नाही.

आमचे विज्ञाननिष्ठ मित्र यातलं ‘खोट्या सुईनेही तेवढाच आराम पडतो’ एवढंच वाक्य उचलतात आणि विजयी चेहऱ्याने हसतात. मी त्यांना विचारते, खोट्या सुईने आराम का पडला, याचा विचार केलात? आमच्या गटातली एक बाई मला म्हणाली, “सुयांचं मला काय कळतंय ताई? पण तिथं अर्धा तास पडून राहता येतं. कोण हाक मारत नाही. आणि कुठं दुखतंय, कधीपासनं, ते नीट विचारतात.” हे एकच वाक्य साऱ्या चाचण्यांच्या शेजारी ठेवून वाचा. दुपारी अर्धा तास आडवं पडायला, आपल्या शरीराबद्दल आदराने केलेल्या चार प्रश्नांची उत्तरं द्यायला, बाईला पैसे मोजावे लागतात. घर तिला ती विश्रांती फुकट देत नाही, सरकारी दवाखान्यातली रांग तिला तो वेळ देत नाही. तिने विकत घेतला तो हा वेळ, सुई त्याच्यासोबत आली. तिला मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी हा अर्धा तास तिला घरात मिळवून द्यावा, मग विज्ञान शिकवावं.

पण म्हणून बाजाराला सूट नाही. सगळे उपचारक लबाड नसतात. पण बाईची गरज ओळखून तिला लुबाडणारे गावोगाव फिरतात. एखाद्या हॉलमध्ये तीन दिवसांचं शिबिर, बाहेर फलक: मणका, गुडघा, शुगर, थायरॉईड, वंध्यत्व, सगळ्यावर एकच इलाज. दहा सिटिंगचे पैसे आधी, आणि चौथ्या दिवशी हॉलला कुलूप. एका बाईला अशाच शिबिरात सांगितलं गेलं, साखरेच्या गोळ्या बंद करा, सुयांनी भागेल. तिने गोळ्या बंद केल्या. महिनाभराने चक्कर येऊन पडली तेव्हा तिला मिरजेला न्यावं लागलं. शिबिरवाले तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचले होते. आणि ‘वेलनेस’ हा नवा शब्द तर फारच सोयीचा. आजाराचं नावच घ्यायचं नाही, म्हणजे बरं केलं नाही असा जाबही कुणी विचारणार नाही.

म्हणून, मैत्रिणींनो, जायचं असेल तर लाजत जाऊ नका, पण डोळे उघडे ठेवून जा. आधी साध्या डॉक्टरकडून तपासून घ्या. पायाला बधिरपणा किंवा लुळेपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, वजन घटणं, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, स्तनात गाठ, यांपैकी काही असेल तर सुईची वाट बघत थांबायचं नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. तेव्हा उपचारकाला सरळ विचारा, तुमची नोंदणी कुठली, क्रमांक काय? सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून फोडलेली, एकदाच वापरायची आणि टाकून द्यायचीच हवी. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात डझनांनी माणसांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, आणि ठपका होता एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या भोंदू डॉक्टरवर. सुई कुठलीही असो, नियम तोच. दिवस गेले असतील, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडून उठून या. किती सिटिंगनंतर फरक पडला नाही तर थांबायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचं, आणि सोबत मैत्रीण बसली तर चालेल का, असं विचारायचं नाही. ती बसेल, असं सांगायचं.

काही जण म्हणतील, अजून बाळंतपणात बायका मरतात, रक्तक्षय आहे, आणि तुम्हाला सुयांचे चोचले सुचतात? हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे. बाई मरायला टेकली तरच तिचं शरीर आरोग्याचा विषय होतं, आणि गर्भारपण संपलं की ती यादीतून गळते, असा त्याचा अर्थ आहे. पंचेचाळिशीतल्या, साठीतल्या बाईला पाय टाकता येत नाही, हा प्रश्न कुठल्याच योजनेत बसत नाही. दुखणं न सोसण्याचा हक्क हा चोचला नाही. रोज रात्री कूस बदलताना जिचा जीव जातो, तिला जगणं पुरेसं आहे असं सांगायचा अधिकार कुणाला?

आमची मागणी म्हणून साधी आहे. जुनाट दुखण्यासाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी हवी. तिथं फिजिओथेरपिस्ट हवा, स्त्रीरोगतपासणीसाठी बाई डॉक्टर हवी. नोंदणीकृत ॲक्युपंक्चर उपचारक ठेवायचा तर तिथंच ठेवा, माफक दरात, आणि त्याने काय होतं, काय होत नाही, हे मराठीत भिंतीवर लिहा. घरोघर सर्व्हे करून स्वतःची कंबर धरणाऱ्या आशांना त्या रांगेत पहिला नंबर द्या. भांगलणीसाठी उभ्याने वापरायची अवजारं बायकांच्या हातात द्या. पुरुष हाती घेतील तेव्हाच यंत्र येईल, असं नको.

आणि एक मागणी सरकारकडं नाही, घराकडं आहे. एसटीचं अर्धं तिकीट २०२३ मध्ये मिळालं, त्यामुळं जयसिंगपूर-मिरज गाठणं थोडं स्वस्त झालं. पण दवाखान्याला जायला निघालेल्या बाईला ‘भाकरी कोण करणार’ हा प्रश्न अजून पूर्ण तिकिटाचाच आहे. वैरणीचा बिंडा उचलायला घरात दुसरी खांदेकरी माणसं आहेत. ती उठली नाहीत, तर हजार सुया टोचल्या तरी सकाळी तेच ओझं पुन्हा त्याच कंबरेवर येणार.

तोवर निदान एवढं करू. पुढच्या बैठकीत हा प्रश्न सतरंजी गुंडाळल्यावर विचारायचा नाही. विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घ्यायचा, मोठ्याने.