गाडी राहते कुठे?

बेळगावच्या मावशीला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला आणायचे होते. मी एसटीने तिकडे गेलो आणि तिला तिच्याच गाडीतून घेऊन निघालो. गाडी केए-२२ पाटीची, मावशी मागे बसलेली, स्टिअरिंगवर मी. कोल्हापुरात शिरताच चौकात हवालदाराने बाजूला घ्यायला लावले. लायसन्सवरचा माझा पत्ता वाचून म्हणाला, "गाडी कर्नाटकची आन् चालवणारे हितलेच! टॅक्स कुठं भरलाय?" मावशीने काच खाली करून मोबाइल पुढे केला. कोगनोळी टोलनाक्यावर त्याच सकाळी फास्टॅगमधून पैसे कापल्याचा मेसेज त्यावर होता. तो वाचून त्याने आम्हाला सोडले.

इटलीने तर हा संशय थेट कायद्यातच लिहून ठेवला होता. ऑक्टोबर २०१८मध्ये, मातेओ साल्विनी गृहमंत्री असताना निघालेल्या अध्यादेश क्रमांक ११३चे डिसेंबरात कायद्यात रूपांतर झाले, तेव्हा त्यात घातलेल्या कलमाने ठरवले, की इटलीत ६० दिवसांहून अधिक काळ वास्तव्य असलेल्याने परदेशी नोंदणीची गाडी चालवायचीच नाही. दंड किमान ७१२ युरो.

या नियमावरचा नेहमीचा आक्षेप असा: जर्मन पर्यटकाने आपली गाडी रोमभर फिरवावी आणि इटालियन नागरिकाला त्याच गाडीच्या चाकामागे बसता येऊ नये, म्हणजे पाहुणा तुपाशी आणि घरचा उपाशी. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण ते टिकत नाही. अट नागरिकत्वाची नव्हतीच, वास्तव्याची होती. रोममध्ये स्थायिक झालेला रोमानियन तिच्यात तितकाच अडकत होता आणि म्युनिकला राहणारा इटालियन सुट्टीत घरी आला तर आपली जर्मन पाटीची गाडी खुशाल चालवू शकत होता.

दुसरा आक्षेप याहून पुढे जातो. युरोपात माणसे आणि माल मोकळे फिरतात, मग गाडीची नोंदणी बदलण्याचा जाच हवाच कशाला? मला हे अजिबात मान्य नाही. नेपल्समध्ये विम्याचे हप्ते फार चढे आहेत, म्हणून तिथल्या कित्येक गाड्या पोलंडच्या पाट्या लावून फिरतात. गाडी रोज रात्री नेपल्सच्याच गल्लीत उभी असते, फक्त कागदावर ती पोलंडची. वार्षिक कर वाचतो आणि दंडाची नोटीस मालकापर्यंत पोचता पोचत नाही. भुर्दंड बसतो तो शेजारच्या घरात सरळ मार्गाने हप्ता आणि कर भरणाऱ्याला. ज्या रस्त्याची झीज करायची त्याच्या खर्चाला हातभार लावायचा नाही, याला मोकळीक म्हणता येणार नाही. अशी नोंदणी बदलायला लावणे पूर्णपणे न्याय्य आहे.

मग २०१८च्या नियमात अन्याय कुठे होता? तो चालकाचा पत्ता बघत होता, गाडीचा मुक्काम बघत नव्हता. एक जोडपे होते. एकजण इटलीत राहणारा, दुसरा स्लोव्हाकियात. गाडी स्लोव्हाकियातल्या जोडीदाराच्या नावावर, चालवत होता इटलीतला, आणि दोघेही गाडीत. तरी दंड झाला. परदेशी कंपनीने नोकराला दिलेल्या गाडीला नियमात सवलत होती. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला तासाभरासाठी दिलेल्या गाडीला नव्हती. मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले, की गाडी देशात किती काळ वापरली आणि ती मुख्यतः तिथेच कायम वापरायची आहे का हे न पाहता सरसकट बंदी घालता येणार नाही.

"अशी सूट दिली तर लबाडांचे फावेल, प्रत्येकजण म्हणेल, आत्ताच मागून आणली," असे नियमाचे समर्थक म्हणतात. भीती खरी आहे, पण तिच्यावर इलाज निघाला. त्याच डिसेंबरात इटलीने केलेल्या नव्या कायद्याने, गाडी दुसऱ्याची असेल तर ती कोणत्या नात्याने आणि किती दिवसांसाठी दिली याचा मालकाच्या सहीचा, तारखेचा कागद सोबत ठेवायला सांगितले. वर्षात ३० दिवसांपुढे वापर गेला तर सरकारी नोंदवहीत नोंद. इटलीत राहायला येताना स्वतःची गाडी आणली तर पाटी बदलायला तीन महिने. कागदाची कटकट आहेच. पण हे सगळे प्रश्न गाडीच्या वापराबद्दलचे आहेत, म्हणून मला ते रास्त वाटतात.

आपला १९८८चा मोटार वाहन कायदाही मुळात योग्यच प्रश्न विचारतो. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तरच कलम ४७प्रमाणे तिथला नंबर घ्यायचा. जाच होतो तो पुढे. मूळ राज्याची एनओसी आणा, नव्या राज्याचा कर भरा आणि जुन्या कराच्या परताव्यासाठी पुन्हा मूळ राज्याच्या आरटीओत खेटे घाला. २०२१मध्ये आलेल्या बीएच (भारत) या नंबरांच्या मालिकेने हे त्रांगडे सोडवले, पण ते सरकारी नोकरांपुरते आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरांपुरते. निपाणीत दुकान आणि कागलला घर असणाऱ्याला ती पाटी मिळत नाही. सीमेवर ज्यांचे रोजचे येणे-जाणे आहे, त्यांनाच तिची सर्वांत जास्त गरज आहे.

राहिला पुराव्याचा प्रश्न. मावशीच्या मोबाइलवर मेसेज होता म्हणून आम्ही सुटलो; तिने तो पुसला असता तर? गाडीने नाका कधी ओलांडला याची नोंद फास्टॅगच्या यंत्रणेत असतेच. बारा महिने उलटल्याचा आरोप ज्याला करायचा आहे, त्याने ती आधी काढून बघावी आणि मग गाडी अडवावी.