हिशेब-वही : १,९१० मतांचे ४२,२१२ कसे झाले?



निकालाच्या दुसऱ्या दिवशी बार्शीटाकळीच्या बसस्टँडवर चहा प्यायला जावे, तिथे सारे विद्वान भेटतात. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. दुसरा दिवस रविवारचा, कार्यालयाची घाई नाही, म्हणून मीही बाकड्यावर टेकलो. एक म्हणे मशीननं खाल्लं. दुसरा म्हणे लाडक्या बहिणीनं खाल्लं. तिसऱ्याचे म्हणणे, आपल्याच लोकायनं खाल्लं. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे बाबा मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी बीकॉम हा ना? मंग सांगा, मांगच्या खेपेले आपुन एकोणीसशे मतानं पडलो होतो. या खेपेले कितीनं?"

मी मास्तर नाही, कारकून आहे; पण वही बाळगणाऱ्या माणसाला आपल्याकडे मास्तरच म्हणतात. मी आकडा सांगितला. बेचाळीस हजार. बाबांनी बशी खाली ठेवली आणि विचारले, "एकोणीसशेचे बेचाळीस हजार? एवढे लोक गेले कुठं आपले?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला बाकड्यावर देता आले नाही. घरी येऊन वही काढली. तोच हिशेब आज मांडतो.

आपला तालुका मूर्तिजापूर या अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघात येतो. २०१९ साली तिथे भाजपचे हरीश पिंपळे यांना ५९,५२७ मते पडली. वंचित बहुजन आघाडीच्या प्रतिभा अवचार यांना ५७,६१७. राष्ट्रवादीचा उमेदवार ४१,१५५ मतांवर तिसरा. पहिल्या दोघांतला फरक १,९१०. यालाच आपण मताधिक्य म्हणतो, पेपरवाले लीड म्हणतात.

आता इथे आपली माणसे पहिली चूक करतात. "आणखी एकोणीसशे अकरा मते पाहिजे होती" असे म्हणतात. ती मते नवीन आणायची असतील, म्हणजे घरी बसलेल्याला बाहेर काढायचे असेल, तर हे बरोबर आहे. पण समोरच्याचे मत आपल्याकडे वळवायचे असेल तर हिशेब बदलतो. तराजूच्या एका पारड्यातून पायलीभर ज्वारी काढून दुसऱ्यात टाका. फरक एका पायलीचा नाही, दोन पायल्यांचा पडतो. म्हणजे १,९१० चे निम्मे ९५५, आणि वर एक. ९५६ माणसांनी तिकडचे बटण सोडून इकडचे दाबले असते तर पिंपळे ५८,५७१ वर आले असते आणि अवचार ५८,५७३ वर गेल्या असत्या. मतदारसंघात तीनशे केंद्रे जरी धरली तरी एका केंद्रामागे तीन माणसे. एका घरात त्याहून जास्त असतात.

या वळण्याला इंग्रजीत स्विंग म्हणतात, आपण झुकाव म्हणू. मोजायची रीत अशी : एका पक्षाचा टक्का किती वाढला आणि दुसऱ्याचा किती घटला हे पाहायचे, दोन्हींची बेरीज करायची आणि निम्मी घ्यायची. इंग्लंडचे अभ्यासक डेव्हिड बटलर यांनी ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ केली. पुढे १९८० च्या दशकात त्यांच्याबरोबर अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी ती भारताच्या निवडणुकांना लावली. पण इंग्लंडात तेव्हा मुख्य पक्ष दोन. आपल्याकडे एकेका जागेवर तीन-तीन तगडे उमेदवार, शिवाय बंडखोर वेगळे. म्हणून त्यांनी झुकावाच्या जोडीला दुसरे एक माप ठेवले, विरोधकांच्या एकीचा निर्देशांक. विरोधातल्या एकूण मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधकाकडे शेकडा किती, एवढाच त्याचा अर्थ. शंभर म्हणजे पूर्ण एकी. पन्नास म्हणजे दोन भावांत वावराची वाटणी व्हावी तसे.

आता २०२४ चा मूर्तिजापूरचा निकाल वहीत उतरवतो. पिंपळे ९१,८२०. राष्ट्रवादी शरद पवार गटाचे सम्राट डोंगरदिवे ५५,९५६. वंचितचे डॉ. सुगत वाघमारे ४९,६०८. अधिकृत मताधिक्य ३५,८६४. आणि बाबांनी विचारलेला, म्हणजे पहिला आणि वंचित यांतला फरक ४२,२१२.

बाबांचा प्रश्न होता, एवढे लोक गेले कुठे. वही सांगते, बाबा, एवढे लोक गेलेच नाहीत. वंचितची मते घटली ती ८,००९. भाजपची वाढली ३२,२९३. राष्ट्रवादीचीही १४,८०१ वाढली. पहिल्या तिघांची बेरीज २०१९ ला १,५८,२९९ होती, ती २०२४ ला १,९७,३८४ झाली. म्हणजे याच तिघांच्या पदरात ३९,०८५ मते जास्त पडली. मैदानात जास्तीची माणसे उतरली आणि आपला आकडा मात्र वाढायच्या ऐवजी घटला, खरी गोष्ट ही आहे. राज्यातही मतदान सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेले होते.

या तिघांच्या बेरजेवर टक्के काढले तर भाजप ३७.६ वरून ४६.५ वर गेला आणि वंचित ३६.४ वरून २५.१ वर आली. झुकाव सुमारे दहा टक्के. दहा टक्के म्हटले की वाटते, आपल्यातला दर दहावा माणूस उठून तिकडे गेला. तसे नाही. झुकाव हा ताळेबंद आहे, रोजकीर्द नव्हे. वर्षाअखेरीची शिल्लक त्यात दिसते, पण पैसा कोणत्या हाताने कोणाला दिला ते दिसत नाही. कोणी घरी बसले, कोणी गाव सोडून गेले, कोणाचे पहिलेच मतदान होते, कोणी खरोखर बटण बदलले; सगळे एकाच आकड्यात मिसळते. म्हणून "अमक्या समाजानं दगा दिला" असे हा आकडा दाखवून कोणी सांगू लागला तर त्याला आधी विचारावे, कोणत्या केंद्रावर?

एकीचा निर्देशांकही काढला. २०१९ ला ५८, २०२४ ला ५३. अगोदरच फुटलेले आणखी थोडे समान फुटले. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज २०२४ लाही १,०५,५६४ होती, विजयी मतांपेक्षा १३,७४४ जास्त. पण ही बेरीज करताना हात आखडता घ्यावा. राष्ट्रवादीचा प्रत्येक मतदार वंचितला देईल, वंचितचा प्रत्येक राष्ट्रवादीला देईल, असे कोणत्या वहीत लिहिले आहे?

लोकसभेचे आकडे पाहिले की हे आणखी नीट कळते. अकोल्यात २०१४ ला बाळासाहेब आंबेडकरांना २,३८,७७६ मते मिळाली. २०१९ ला २,७८,८४८. २०२४ ला २,७६,७४७. शेवटच्या दोन निवडणुकांत फरक फक्त २,१०१ मतांचा. एवढ्या मोठ्या मतदारसंघात याला फरक म्हणायचे का? आणि तरी २०१९ ला ते दुसरे होते, २०२४ ला तिसरे झाले. कारण काँग्रेस २,५४,३७० वरून ४,१६,४०४ वर चढली आणि भाजप ५,५४,४४४ वरून ४,५७,०३० वर उतरला. विजयाचे मताधिक्य २,७५,५९६ वरून ४०,६२६ वर आले. आपल्या मतांचा खांब जागच्या जागी उभा आणि आजूबाजूची जमीन हलली.

२०२४ नंतर काँग्रेसवाले आपल्याला म्हणाले, तुमच्यामुळे पडलो. आपले लोक त्यांना म्हणाले, तुमच्यामुळे पडलो. दोघांनी २०१९ ची बेरीज करून पाहावी. त्या वर्षी काँग्रेस आणि वंचित मिळून ५,३३,२१८ होतात. एकटा भाजप त्याच्याही २१,२२६ पुढे होता. म्हणजे मतविभागणीचे कारण २०२४ ला कागदावर लागू पडते, २०१९ ला कागदावरही पडत नाही. प्रत्येक पराभवाला एकच गोळी देणारा डॉक्टर आपण बदलतो, पुढारी मात्र बदलत नाही.

आणि सगळ्या राज्यात एकच वारा असतो, हेही खरे नाही. आपल्या मूर्तिजापुरात भाजपकडे दहा टक्के झुकाव होता त्याच दिवशी शेजारच्या अकोला पश्चिममध्ये उलटे झाले. २०१९ ला तिथे भाजपचे गोवर्धन शर्मा ७३,२६२ आणि काँग्रेसचे साजिद खान पठाण ७०,६६९, फरक २,५९३. २०२४ ला पठाण ८८,७१८ आणि भाजपचे विजय अग्रवाल ८७,४३५. फरक १,२८३. दोघांचीच बेरीज धरली तर झुकाव केवळ सव्वा टक्क्याचा. मूर्तिजापुरातल्या दहा टक्क्यांनी आमदार बदलला नाही, इथल्या सव्वा टक्क्याने बदलला.

मते आणि जागा यांचे नाते असे चमत्कारिक आहे. २०२४ ला काँग्रेसला राज्यात १२.४२ टक्के मते आणि १६ जागा. शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के आणि ५७ जागा. यात लक्षात ठेवायचे की काँग्रेसने शंभरावर जागा लढवल्या, शिवसेनेने ८१. तेवढीच मते कमी वावरात पेरली तर पीक दाट दिसणारच. २०१९ ला वंचितची राज्यातली मते साडेचार टक्क्यांच्या वर, जागा एकही नाही. एमआयएमची दीड टक्क्याहून कमी, जागा दोन. आपली मते दोनशेच्या वर मतदारसंघांत पसरली, त्यांची मोजक्या ठिकाणी साचली.

पराभवाच्या फरकाकडे बारकाईने पाहण्याचा धडा आपल्याला नवा नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून हरले. काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१. तो दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्या निवडणुकीत ७४,३३३ मते बाद ठरली. फरकाच्या पाचपट! बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्यावर निवडणूक याचिका दाखल केली होती. दोन वर्षांनी १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते ८,३८१ मतांनी पराभूत झाले. आपण त्या पराभवाचे दुःख अजून सांगतो, ते सांगावेच. पण बाद मतांचा तो आकडा किती जणांच्या तोंडी आहे? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनीच सांगितले होते की बौद्ध भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम ठाऊक होते. संघात शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत आणि काड्या गोळा करायला खास भिक्खू नेमत. मोजणाऱ्याचे काम हलके समजले जात नव्हते.

म्हणून आता कामाचे सांगतो. मतदान संपले की केंद्राध्यक्षाने प्रत्येक मतदान प्रतिनिधीला नमुना १७-सी ची सही केलेली प्रत द्यायची असते. त्या केंद्रावर एकूण किती मते पडली ते तिच्यात असते. आपली पोरे दिवसभर केंद्रावर बसतात आणि संध्याकाळी हा कागद न घेता घरी जातात. निकालानंतर नमुना २० निघतो. त्यात केंद्रवार, उमेदवारवार मते असतात, आणि तो निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन्ही जुळवा. मग २०१९ चा नमुना २० शेजारी ठेवा. केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी मध्येच बदलतात, तेवढे सांभाळा, नाही तर बैलाचा हिशेब म्हशीच्या नावावर लागेल. मशीनवर शंका असेल त्यानेही हेच कागद घेऊन बोलावे. चहाच्या बाकड्यावर शंका मांडून ती कोणी नोंदवून घेत नाही.

तिसरा रकाना मात्र कोणत्याही सरकारी नमुन्यात नाही. मत न दिलेल्यांचा. २१ ऑक्टोबर २०१९ ला सोयाबीन काढणीचे दिवस होते, दिवाळी सहा दिवसांवर. २० नोव्हेंबर २०२४ ला कापसाची वेचणी. मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा कायदा आहे, पण वेचणीच्या बाईला त्या दिवसाची मजुरी कोण देतो? ती सकाळी वावरात जाते, परत येईतो अंधार पडतो. आणि तरणी पोरे पुण्याला, सुरतेला.

हा रकाना मी २०१९ नंतर आमच्या गल्लीपुरता भरायला घेतला. पहिले घर दुसऱ्याचे घ्यावे म्हटले, तर सौभाग्यवती म्हणाल्या, आधी आपलं लिहा. माझा मेहुणा, त्याची बायको आणि दोन पोरे. नावे आमच्याच यादीत, मुक्काम चाकणला. त्या वेळी मतदानाच्या आठ दिवस आधी त्याला फोन करून गाडीचे आरक्षण करून देतो असे मी कबूल केले होते. सभांच्या धावपळीत राहून गेले. ९५६ पैकी चार मते माझ्या घरची होती, आणि बाकड्यावर मी इतरांचे हिशेब काढत होतो.

२०२४ ला महिनाभर आधी फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, आता पोरायची शाळा इकडंच हाय. आमी नावं इकडं लावून घेतली." वहीतली ती चार नावे मी लाल शाईने खोडली आणि शेवटच्या पानावर, वंचितच्या घटलेल्या ८,००९ च्या खाली, चार लिहून ठेवले.