विश्लेषण : नॅनोरायमो बंद झालं, आता कादंबरी कोण लिहून घेणार?

१ नोव्हेंबरला सुरुवात करायची आणि ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत ५० हजार शब्दांची कादंबरी लिहून काढायची. परीक्षक नाही, प्रवेश फी नाही. जिंकलात तर एक प्रमाणपत्र, तेही स्वतःच प्रिंट काढून घ्यायचं. 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ' म्हणजेच 'नॅनोरायमो' या नावाने अमेरिकेत सुरू झालेलं हे वेड पंचवीस वर्षं टिकलं. मग ३१ मार्च २०२५ रोजी ते चालवणाऱ्या संस्थेने आपण बंद होत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हाच्या बहुतेक बातम्या 'एआय'च्या वादावर थांबल्या. मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ती म्हणजे गावोगावचे छोटे गट. संस्था गेली म्हणून ते जायला हवेत असं नाही आणि आपल्याकडे तर त्यांची फारच गरज आहे.

हे सुरू कसं झालं?

जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने मित्रमंडळी जमवली. एकूण २१ जण. कादंबरी कशी लिहितात हे त्यांच्यातल्या कुणालाच नीट माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी महिना बदलून नोव्हेंबर केला. कारण काय, तर तिकडे तेव्हा हवा इतकी खराब असते की घरात बसून लिहिण्यावाचून पर्याय नसतो! दुसऱ्या वर्षी १४० जण आले, तिसऱ्या वर्षी सुमारे ५ हजार. पुढे आकडा लाखांत गेला.

सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे अशाच नोव्हेंबरमध्ये लिहिले गेले. अर्थात छापून येण्याआधी त्यांच्यावर पुढे भरपूर काम झालं. हा तपशील लोक सांगायला विसरतात.

स्थानिक गट नेमकं काय करायचे?

प्रत्येक शहराला किंवा भागाला एक बिनपगारी स्वयंसेवक असे. पदाचं नाव 'म्युनिसिपल लायझन'. ऐकून पाणीपट्टी भरायच्या खिडकीवरचा माणूस वाटतो, पण त्याचं काम एवढंच की कॅफेत किंवा वाचनालयात टेबल धरून ठेवायचं आणि लोकांना बोलवायचं. त्याला 'राइट-इन' म्हणत. ऑक्टोबरअखेरीस ओळखीची बैठक, महिनाभर राइट-इन आणि डिसेंबरमध्ये 'सुटलो बाबा' छापाची पार्टी.

राइट-इनमध्ये कुणी कुणाला वाचून दाखवत नाही. फोनवर वीस मिनिटांचा टायमर लावायचा, सगळ्यांनी मान खाली घालून लिहायचं, टायमर वाजला की आपापला शब्दांचा आकडा सांगायचा. चहा. पुन्हा टायमर. याला 'स्प्रिंट' म्हणतात. आकडा कमी असेल तर कुणी हसत नाही, जास्त असेल तर टाळ्या.

आपल्याकडे लिहिणाऱ्यांसाठी एकत्र येण्याच्या जागा कमी नाहीत. काव्यवाचन आहे, कट्टे आहेत, प्रकाशन समारंभ तर रोज एक आहे. पण हे सगळं लिहून झाल्यानंतरचं. कादंबरी अर्धी असताना, सातव्या प्रकरणात अडकलेली असताना, शेजारी येऊन बसणारं कुणी नसतं. कविता एकट्याने रात्रीत होऊ शकते. कादंबरीला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत माणूस घरच्यांच्या दृष्टीने फक्त 'लॅपटॉप घेऊन बसलेला' असतो.

मग बंद का पडलं?

कारणं एकात एक अडकलेली आहेत. २०२३ मध्ये संस्थेच्या ऑनलाइन व्यासपीठावर अल्पवयीन सदस्यांच्या सुरक्षिततेबाबत गंभीर तक्रारी झाल्या आणि त्या हाताळण्यात संस्था कमी पडली. त्यानंतर स्वयंसेवकांसाठी नवे नियम आले, अनेक जुन्या लायझन मंडळींनी काम सोडलं. मग २०२४ मध्ये संस्थेने एआयच्या वापरावर सरसकट टीका करण्यात वर्गीय आणि अपंगविरोधी छटा असल्याचं म्हटलं. लेखक भडकले. डॅनियल होजे ओल्डर यांच्यासारख्यांनी संस्थेच्या लेखक मंडळाचा राजीनामा दिला. पैशाची तंगी आधीपासून होतीच.

एआयबद्दल माझं मत साधं आहे. इंजिनीअरिंगला एक गोष्ट डोक्यात बसली होती: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप निकामी होतं. ५० हजार शब्द हा आकडा माणसाने खुर्चीत बसावं म्हणून होता. चॅटबॉट तेवढे शब्द चहा थंड व्हायच्या आत देईल. मग तो आकडा कशाचा पुरावा राहिला? टेबलाशी समोरासमोर बसलेल्या गटाला हा प्रश्नच पडत नाही, कारण तिथे आकड्यापेक्षा माणूस आला की नाही हे आधी पाहिलं जातं. म्हणूनच संस्था बुडाल्यावरही अनेक शहरांतले गट स्वतःच्या नावाने भेटत राहिले.

मराठीत ५० हजार शब्द म्हणजे किती?

हा हिशेब मी मुद्दाम केला. 'मी घरातल्या माणसांशी बोललो नाही' हे वाक्य पाच शब्दांचं. हेच इंग्रजीत 'आय डिड नॉट स्पीक टू द पीपल इन द हाउस' असं होईल, म्हणजे दहा शब्द. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यांच्या 'इन', 'टू', 'द' सुट्या मोजल्या जातात. प्रत्येक वाक्यात इतका फरक पडत नाही, पण पडतो. त्यामुळे इंग्रजीतलं रोजचं १,६६७ शब्दांचं लक्ष्य जसंच्या तसं उचललं तर मराठी लिहिणारा विनाकारण जास्त पळतो, त्यात देवनागरी टायपिंग. म्हणून आम्ही रोजचे १,२०० ठरवले. महिन्याचे ३६ हजार.

'आम्ही' म्हणजे पुण्यातले पाच जण. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सरच म्हणतात, एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा, माझी कॉलेजची मैत्रीण आणि मी. दिवाळी ऑक्टोबरमध्येच आटोपली होती, म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये दर रविवारी सकाळी आठ वाजता एका उडप्याकडे बसायचं ठरलं. लवकर, कारण दहानंतर तिथे टेबल अडवून बसलं की वेटर बिल न मागता आणून ठेवतो.

पहिला आठवडा झकास गेला. मग नगरपालिका निवडणुकांची गडबड सुरू झाली, १४ तारखेला बिहारचा निकाल आला आणि आमच्या डेस्कवर जेवायलाही वेळ नव्हता. माझे सलग सहा दिवस शून्य शब्द. १६ तारखेच्या रविवारी जायचंच नाही असं ठरवलं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी सरांचा फोन आला. 'का लिहिलं नाहीस' वगैरे काही नाही. म्हणाले, "अरे, तुझी इडली सांगू का?"

गेलो. पहिल्या स्प्रिंटमध्ये ८७ शब्द झाले. ताईंचे त्या दिवशी सगळ्यांत जास्त होते. त्यांची कादंबरी सासूच्या आजारपणात थांबली होती, अकरा वर्षांपूर्वी. अकरा वर्षं त्या कुणालाही म्हणाल्या नव्हत्या की आपण काही लिहितो.

घाईत लिहिलेलं वाईटच असतं ना?

बरंचसं असतं. शेवटच्या आठवड्यात आकडा गाठायला मी पात्रांची नावं वडिलांच्या नावासकट लिहू लागलो होतो. ते सगळं खोडावं लागणार आहे. पण वेग आणि दर्जा यांचं वैर आहे असं मराठी कादंबरीचा इतिहास तरी सांगत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' पंचविशीत, अवघ्या काही आठवड्यांत लिहिली. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. पुढच्या अंकाला मजकूर द्यायचाच आहे आणि वाचक वाट पाहतोय, ही जबरदस्ती तेव्हा साप्ताहिक करत होतं. आज क्रमशः कादंबरी छापणारी साप्ताहिकं फारशी उरली नाहीत. ती वाट पाहण्याची जागा कुणीतरी घ्यायला हवी, आणि त्यासाठी ना अनुदान लागतं ना अध्यक्ष. एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने रविवारी दोन तास एक खोली उघडी ठेवली तरी पुरे. आपल्या जुन्या ग्रंथालयांतल्या किती खोल्या रविवारी कुलूपबंद असतात, हे जाऊन पाहा.

एक खबरदारी मात्र घ्यावी. गट पाच-सहा जणांच्या पुढे गेला की गप्पा वाढतात आणि पहिल्या महिन्यात मसुदा एकमेकांना दाखवला की बिनसतं. आमच्याकडे एकदा दाखवला गेला. एमपीएससीवाला मुलगा त्यानंतर दोन रविवार आला नाही.

३० नोव्हेंबरला, तोही रविवारच होता, आमच्यापैकी दोघांनी ३६ हजार गाठले: ताई आणि माझी मैत्रीण. माझे २१,४०० झाले. सरांचे नऊ हजार. त्यांचा नायक अजून मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघत उभा आहे, आणि ती गाडी कुठली धरायची हे आपल्याला ठरवता येत नाहीये, असं ते म्हणतात. महिना संपला तरी रविवारचं टेबल आम्ही सोडलेलं नाही. आता वेटर विचारतो, आज किती झाले?