भुताच्या दारात जनरेटर

भूत शोधायला निघालेली मंडळी हल्ली आधी गाडी सजवतात. मागच्या सीट काढून तिथे मॉनिटर, नाइट-व्हिजन कॅमेऱ्यांच्या केबल, इन्व्हर्टर, अर्धा डझन वॉकीटॉकी; आणि फाटकाशी धडधडणारा जनरेटर. असं फिरतं ठाणं वाड्याच्या दारात उभं राहिलं की तपास शास्त्रीय झाला, हा त्यांचा दावा. तो मला मान्य नाही. पण ‘भुतं नसतातच, मग ठाणं कशाला?’ असं म्हणून हात झटकणाऱ्या विवेकवादी मित्रांशीही माझं जमत नाही.

आधी यंत्रांचं बोलू. यांचं लाडकं के-टू मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र दाखवतं. चालू मिक्सरजवळ न्या, दिवे पेटतात. शेजारी वॉकीटॉकीचं बटण दाबा, तरी पेटतात. दिवे नाचवतं ठाणं आणि बोल वाड्यातल्या भुताला! अवरक्त प्रकाशात चमकणारा ‘आत्म्याचा गोळा’ म्हणजे बहुधा लेन्ससमोरची धूळ. बंद वाड्यात दहा जण शिरल्यावर धूळ उडेल नाही तर काय?

जनरेटरचं प्रकरण त्याहून वाईट; त्याची धडधडही संशयास्पद आणि धूरही. कॉव्हेंट्रीच्या व्हिक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत अंगावर काटा यायचा, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. एकदा व्हाइसच्या पकडीत आवळलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि त्याने माग काढला. निघाला एक पंखा. सेकंदाला सुमारे 19 कंपनं, कानाला ऐकू न येणारी. 1998 साली त्याने हे छापलं. त्याचं स्पष्टीकरण सगळ्यांना पटलेलं नाही, पण तपास म्हणतात तो याला. 1921 साली अमेरिकेतल्या एका ‘झपाटलेल्या’ घराची हकिकत नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात आली. तिथे दोषी ठरला बिघडलेल्या भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड. तोच वायू जनरेटरच्या धुरात असतो, आणि ही मंडळी तो दाराशी लावतात.

तरीही ठाणं हवं. भूतसंशोधक हॅरी प्राइसने 1937 साली इंग्लंडमधली झपाटलेली म्हणून गाजलेली बोर्ली रेक्टरी वर्षभर भाड्याने घेतली, 48 निरीक्षक पाळीपाळीने बसवले. कल्पना झकास होती. पण काय काय दिसू-ऐकू येण्याचा संभव आहे, याची यादीच सूचनापुस्तिकेत देऊन त्याने पेपर आधीच फोडला.

आणि विवेकवादी मित्रांनो, घाबरलेल्या घराला आपल्या सिद्धांताने झोप लागत नाही. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते भानामतीच्या घरी जातात, एकेकाशी बोलतात, दगड कोण टाकतं ते शोधतात आणि त्या माणसाचं नाव चव्हाट्यावर आणत नाहीत. गाठीला यंत्र नसलं तरी तेही ठाणंच.

तेव्हा गाडी जरूर काढा. फक्त ती शंभर पावलं लांब लावा, जनरेटरऐवजी बॅटरी आणा, मोनॉक्साइडचा अलार्म विसरू नका. आणि पहिली रात्र शेजारच्या, कुणीच झपाटलेलं म्हणत नाही अशा घरात हेच कॅमेरे लावून काढा.