लातूर ते पर्थ: भारताच्या मुलींचा फुटबॉल बघायला ऑस्ट्रेलियाला जायचं तर काय लागतं?

२३ जानेवारी २०२२. नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारत विरुद्ध चिनी तैपेई असा महिला आशिया चषकाचा सामना ठरला होता. तो झालाच नाही. भारतीय संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले की नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान भारत स्पर्धेतून बाहेर पडला. आधी इराणशी झालेला ०-० बरोबरीचा सामनाही रद्द धरण्यात आला. प्रेक्षकांना तर स्पर्धेत प्रवेशच नव्हता.

म्हणजे आशियातली सर्वांत मोठी महिला फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आली होती. लातूरहून रात्रीच्या रेल्वेत बसलं की सकाळी पोहोचता येईल इतक्या अंतरावर. तरी ती कुणालाच मैदानात बसून बघता आली नाही.

राहिलेला तो सामना आता चार वर्षांनी होतो आहे, पण सिडनीत. १ ते २१ मार्च २०२६ दरम्यान ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशिया चषकात भारत आणि चिनी तैपेई पुन्हा एकाच गटात आलेत आणि त्यांची गाठ १० मार्चला आहे. त्याआधी पर्थमध्ये ४ मार्चला व्हिएतनामशी आणि ७ मार्चला जपानशी भारताचे सामने आहेत.

हे सामने इतके महत्त्वाचे का?

या वेळी भारताला यजमान म्हणून जागा मिळालेली नाही, ती मैदानावर कमावलेली आहे. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चिआंग माई शहरात पात्रता फेरी झाली. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असं हरवलं. ५ जुलैला यजमान थायलंडशी अटीतटीचा सामना झाला. संगीता बासफोरने दोन गोल केले आणि भारत २-१ असा जिंकला. पात्रता फेरी खेळून भारतीय महिला संघ आशिया चषकात पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. १९७९ आणि १९८३ साली भारत या स्पर्धेत उपविजेता होता. त्यानंतरचा काळ उतरणीचाच राहिला.

पुढचं बक्षीस त्याहून मोठं आहे. स्पर्धेत १२ संघ आहेत, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातील. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना २०२७ च्या ब्राझील विश्वचषकाचं थेट तिकीट मिळेल. उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चार संघ आपसात खेळतील. त्यातले दोन थेट ब्राझीलला जातील आणि उरलेल्या दोघांना आंतरखंडीय प्लेऑफची संधी राहील. भारताने तिसरा क्रमांक राखून एखादा सामना जिंकला, तरी दार किलकिलं होऊ शकतं.

अर्थात गट सोपा नाही. जपानने २०११ चा विश्वचषक जिंकलेला आहे, व्हिएतनाम २०२३ च्या विश्वचषकात खेळून आला आहे. पण भारतीय महिला संघ आजवर एकदाही विश्वचषक खेळलेला नाही आणि तिथपर्यंतचा रस्ता या तीन सामन्यांतून जातो. तो बघायला जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो लातूरहून जायचं कसं, याचा.

आधी नकाशा

भारताचे दोन सामने पर्थला आहेत आणि एक सिडनीला. नकाशावर ही एकाच देशातली दोन शहरं दिसतात, पण त्यांच्यात हवाई अंतर जवळपास ३,३०० किलोमीटर आहे. काश्मीर ते कन्याकुमारी आपला देश ३,२१४ किलोमीटर लांब आहे, त्याच्याशी तुलना केली म्हणजे अंदाज येतो. बस किंवा रेल्वेचा विचार सोडून द्यावा, विमानच घ्यावं लागतं. मार्चमध्ये पर्थचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं आणि सिडनीचं साडेपाच तास.

पर्थ भारताला त्यातल्या त्यात जवळचं आहे. सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून जाता येतं. लातूरकरांसाठी मुंबईइतकाच हैदराबादचा विमानतळही सोयीचा आहे, रस्त्याने अंतर उलट कमीच पडतं. सगळी विमानं एकाच तिकिटावर घेतलेली बरी. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी राहत नाही आणि सामान घेण्यासाठी मधल्या देशात बाहेर पडायचं तर तिथलाही व्हिसा लागू शकतो.

खर्च कमी करायचा असेल तर सिडनी सोडून फक्त पर्थचे दोन सामने पाहणं शहाणपणाचं. चिनी तैपेईचा सामना भारतासाठी निर्णायक ठरण्याची शक्यता जास्त आहे, हे मान्य करूनही. देशांतर्गत विमान आणि सिडनीतलं हॉटेल या दोन गोष्टी बजेट एकदम वर नेतात. सामन्याचं तिकीट या सगळ्यात सर्वांत किरकोळ खर्च आहे.

नावाचा घोळ

नव्या पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे, म्हणजे लाडकी बहीण योजनेचा एक हप्ता. तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. पोस्ट ऑफिसांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाल्यापासून मराठवाड्यातल्या लोकांचा मोठ्या शहरातला हेलपाटाही बराच कमी झाला आहे. विवाहित बाईला पासपोर्टसाठी लग्नाचं प्रमाणपत्र सक्तीने द्यावं लागत नाही, हा बदलही आता जुना झाला.

अडचण येते ती नावाची. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. मग दहावीची सनद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँकेचं खातं तिसऱ्याच स्पेलिंगने, असा प्रकार होतो. गावात यामुळे काही अडत नाही. परदेशी व्हिसा अधिकाऱ्यासमोर मात्र त्या तीन वेगवेगळ्या बायका ठरू शकतात. म्हणून पासपोर्टवर जे नाव छापलं आहे तेच विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जात अक्षर न अक्षर असावं. जुनं नाव अर्जात वेगळ्या रकान्यात विचारतात, ते लपवू नये. विमान कंपन्या आणि वाटेतले देश सहसा पासपोर्टची किमान सहा महिने मुदत बघतात.

व्हिसा: खरी परीक्षा

काही देशांच्या नागरिकांना ऑस्ट्रेलियात जायला मोबाइलवरून मिनिटांत परवानगी मिळते. भारतीय पासपोर्टवर ती सोय नाही. भारतीयांना व्हिजिटर व्हिसासाठी पूर्ण अर्ज करावा लागतो. तो ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळावर खातं उघडून स्वतःच भरता येतो, एजंट लागतोच असं नाही. फी सुमारे २०० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण १२ हजार रुपये. नकार मिळाला तरी ती परत येत नाही. व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र ईमेलवर येतं, पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत.

अधिकाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टींची खात्री हवी असते. एक, खर्चाला पैसे आहेत. दोन, ही व्यक्ती सामने बघून परत जाईल. सामन्याचं तिकीट हातात असणं हे जाण्याचं कारण सांगतं, परत येण्याचं नाही. शहरातली नोकरदार बाई सॅलरी स्लिप, रजेचं पत्र आणि आयकर विवरण जोडते आणि विषय संपतो.

लातूरच्या शेतकरी कुटुंबाचं काय? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांनी कधी विवरणपत्र भरलेलंच नसतं. सोयाबीन आडतीवर विकलं जातं, पैसे येतात आणि बियाणं, खत, फी, उसनवारी यांत जातात. बँकेच्या खात्यात रक्कम टिकत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातलं उभं सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळे यंदाच्या खात्यातल्या नोंदी आणखीच पातळ असणार.

तरीही अशा घराला फाइल उभी करता येते. सातबारा आणि आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शेतमाल विकल्याच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांशी जुळणाऱ्या बँकेतल्या जमा रकमा, मुदत ठेवी. यातली मराठी कागदपत्रं इंग्रजीत भाषांतर करून जोडावी लागतात. भाषांतर भारतात केलं असेल तर भाषांतरकाराने त्यावर आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि भाषेची पात्रता लिहायची असते. उत्पन्न हंगामी का आहे, हे एका साध्या पत्रात समजावून सांगितलेलं उत्तम. अधिकाऱ्याला ‘आडत’ म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही.

पण या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट उघडी पडते. सातबारावर नाव कुणाचं आहे? १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. बायकोचं नाव सातबारावर लावण्यासाठी राज्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. प्रत्यक्षात मात्र बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची रीत अजून सुटलेली नाही. त्यामुळे पेरणीपासून काढणीपर्यंत शेतात राबणाऱ्या बाईकडे, ‘माझी इथे मालमत्ता आहे, म्हणून मी परत येणार’ असं सांगायला स्वतःच्या नावाचा कागदच नसतो. तिला वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कागदांवर आणि त्यांच्या ‘खर्च मी करीन’ अशा पत्रावर अवलंबून राहावं लागतं. हे नियमात बसतं, पण जायचं की नाही याचा निर्णयही मग त्याच माणसाच्या हातात जातो. महिला फुटबॉलच्या स्टँडमध्ये कोण बसतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

ऑस्ट्रेलियात जन्माने भारतीय असलेल्यांची संख्या ९ लाखांच्या पुढे आहे. तिथे नातेवाईक असतील तर त्यांचं निमंत्रणपत्र आणि राहण्याची सोय यांनी अर्जाला आधार मिळतो.

‘महिनाभर खात्यात पैसे ठेवून दाखवतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून मात्र लांब राहावं. अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रक्कम कुणाच्याही नजरेत भरते. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली, तर ऑस्ट्रेलियाच्या नियमानुसार पुढची तीन वर्षं व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

टूर कंपनी की स्वतः बुकिंग?

भारतातल्या कंपनीकडून परदेश सहलीचं पॅकेज घेतलं तर टीसीएस कापला जातो. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंतच्या रकमेवर तो ५ टक्के होता. ३ लाखांच्या पॅकेजवर १५ हजार. हा पैसा बुडत नाही, पण परत मिळवायला आयकर विवरण भरावं लागतं, करपात्र उत्पन्न नसलं तरीही. एका अर्थी हे फायद्याचंच आहे. ज्या बाईने कधी विवरण भरलं नाही, तिच्या नावावर पहिला कागद तयार होतो. विमान आणि हॉटेल वेगवेगळं स्वतः बुक केलं तर पॅकेजवरचा हा टीसीएस लागत नाही.

पिशवीत काय नको

ऑस्ट्रेलियात उतरताना एक कार्ड भरून द्यावं लागतं. त्यात खाद्यपदार्थ, बिया, दुधाचे पदार्थ आणि माती याबद्दल विचारतात. गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का, हेही विचारतात. लातूर जिल्ह्यातल्या बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर ‘हो’ असेल आणि ‘हो’ लिहिण्यात काहीच वाईट नाही. फार तर बूट तपासतील. म्हणून शेतात वापरलेली चप्पल-बूट नेऊ नयेत किंवा स्वच्छ धुऊन न्यावेत. तूप, लोणचं, शेंगदाण्याची चटणी जवळ असेल तर कार्डावर सांगावं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

मार्चच का अवघड?

फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाच्या परीक्षा आणि मेच्या सुरुवातीला नीट. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात अकरावी-बारावीच्या मुलीला या दिवसांत आठ दिवसांची सुट्टी मागणंच अशक्य. जिचं वय फुटबॉल खेळायचं आणि बघायचं आहे, नेमकी तीच क्लासमध्ये असणार. घरच्यांना हरभऱ्याची काढणी आणि मळणी.

पुढची संधी ब्राझील. तो विश्वचषक २४ जून ते २५ जुलै २०२७ दरम्यान आठ शहरांत आहे. व्हिसा तिथेही लागतो, प्रवास ऑस्ट्रेलियापेक्षा बराच लांबचा आणि महागडा आहे, आणि तारखा नेमक्या पेरणीच्या आहेत.

घराजवळ मोठी स्पर्धा आली तर लोक येतात, हे त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमने २ नोव्हेंबर २०२५ ला दाखवलं. भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा तिथे बसायला जागा नव्हती. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकाला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मिळून जवळपास २० लाख प्रेक्षक आले होते. त्यातले बहुतेक सामन्यांना लोकल किंवा बसने गेले असतील, त्यांना सातबारा दाखवावा लागला नाही.

लातूरहून ज्यांना यंदा जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी वेळ तरी सोयीची आहे. पर्थमध्ये संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना इथे साडेचारला दिसतो. १० मार्चला मंगळवार आहे.