भिंत की वाळू?

कोकणात समुद्राकाठच्या गावी गेला असाल, तर किनाऱ्यालगत रचलेली काळ्या दगडांची लांबलचक भिंत तुम्ही पाहिली असेल. तिला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. समुद्र माड गिळू लागला की गावकरी पहिली मागणी हीच करतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण ही भिंत नेमके कशाचे रक्षण करते, हे भौतिकशास्त्रालाही विचारले पाहिजे.

लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एक मीटरची लाट दोन मीटरांची झाली, की ऊर्जा चौपट! उतरत्या पुळणीवर अशी लाट फुटते, फेसाळत वर चढते, वाळू घुसळते, आणि तिची ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. उभ्या भिंतीवर मात्र ती आपटून बरीचशी परत फिरते, व पायथ्याची वाळू उकरली जाते. (ओबडधोबड दगडांची रास त्या मानाने बरी.) घरी एका लांबट, पसरट भांड्यात वाळूचा उतार करा, पाणी घाला आणि दुसऱ्या टोकाकडून पट्टीने लाटा उठवा. मग पाण्याच्या कडेला एक वीट उभी करून पुन्हा तेच करा. विटेच्या बुडाशी काय होते ते नीट पाहा.

म्हणजे भिंतीमागचे माड वाचतात, पण पुढची पुळण हळूहळू नाहीशी होऊ शकते. मग कोळ्यांनी होड्या ओढायच्या कुठे, मासळी वाळवायची कुठे? भिंत जिथे संपते, तिथून पुढे शेजाऱ्यांच्या किनाऱ्याची धूप वाढते ती वेगळीच. मागच्या सखल भागात साचणारे पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून भिंतीत मोऱ्या ठेवतात. उधाणाच्या भरतीत त्या वाहू शकत नाहीत; आणि ओहोटीत वाहाव्यात, तर तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे बूच! ते समुद्राने लावलेले नसते.

समुद्र अडवण्यात नेदरलंड्स हा देश शतकानुशतके मुरलेला. त्याने २०११ साली हेग शहराजवळच्या किनाऱ्यावर सुमारे २ कोटी १५ लक्ष घनमीटर वाळू ओतली. वारा, लाटा व प्रवाह यांनीच ती किनाऱ्याने पसरावी, अशी योजना. आपल्याकडे पावसाळी लाटा प्रचंड, आणि मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहूनही अधिक असतो. तेव्हा त्यांची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही.

माझे मत असे, की घरे अगदी काठावर आली असतील तेथे भिंत बांधावीच लागेल. पण मर्यादवेलीने आणि केवड्याने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या जिथे अजून उभ्या आहेत, तिथे भिंतीचा विचारही करू नये, आणि टेकड्यांना हात लावू नये. पावसाळ्यात लाटा त्यांतील वाळू नेतात. पुढे समुद्र शांत झाला की त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. हीच वाळू आपण ट्रक भरभरून बांधकामासाठी नेली, तर समुद्राने परत काय आणावे?